वाचक विचारतात : विकायचं घर मांडून दाखवायला शिकवताना

घर विकण्याआधी किंवा भाड्याने देण्याआधी ते नीटनेटकं करून, मांडून दाखवायचं काम म्हणजे होम स्टेजिंग. शहरात हे पैसे घेऊन करून देणारी माणसं आहेत. कोकणातल्या काही वाचनालयांना, महिला मंडळांना आणि बचत गटांना हाच विषय मोठ्यांच्या वर्गात शिकवायचा आहे. त्यांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न आणि उत्तरं इथे दिली आहेत.

आमच्या वाचनालयात दुपारी शिवणाचे आणि संगणकाचे वर्ग चालतात. त्यात घर मांडणीचा वर्ग सुरू करायचा आहे. किती दिवस, किती माणसं आणि सुरुवात कुठून? (दापोली तालुका)

आधी पंचांग बघा. जून-जुलैत लावणी, मग गणपती, ऑक्टोबरात कापणी, आणि मार्चपासून शिमगा, काजू, आंबा. या दिवसांत वर्ग ठेवलात तर पहिल्या दिवशी पंधरा जण येतील आणि तिसऱ्या दिवशी चार. दिवाळी आटोपल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ बरा. भिंती सुकलेल्या असतात, त्यामुळे रंगाचा पाठ खऱ्या भिंतीवर घेता येतो. पावसाळ्यात तो फळ्यावरच राहतो.

दोन तासांचे दहा वर्ग, आठवड्यातून दोन, म्हणजे पाच आठवडे. वेळ जेवणानंतरची, अडीच ते साडेचार. परतीची एसटी किती वाजता आहे ते विचारूनच शेवटची वेळ ठरवा. गाडीकडे डोळे लागलेल्या माणसाला पडद्याची उंची शिकवता येत नाही. संख्या बारा ते सोळा ठेवा आणि चार-चारचे गट करा. एका खोलीत चारांहून जास्त माणसं काम करू लागली की निम्मी नुसती उभी राहतात.

दहापैकी पहिले दोनच वर्ग वाचनालयात घ्या. उरलेले आठ घरात झाले पाहिजेत, कारण हे काम हाताने आणि डोळ्याने शिकायचं आहे. पहिल्या वर्गात परदेशी पांढऱ्या सोफ्यांची चाळीस चित्रं दाखवायचा मोह टाळा. ती बघून बायका एकमेकींकडे पाहतात आणि "आपल्याकडे कुठे असली घरं" म्हणून गळतात. त्याऐवजी वाचनालयाचीच खोली घ्या. सगळ्यांना बाहेर पाठवा आणि एकेकाला आत बोलावून फक्त एवढंच विचारा: पहिली नजर कुठे गेली? बहुतेक उत्तरं लोंबती वायर, जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा आणि दाराआडची केरसुणी यांच्यावर येतात. ते फळ्यावर लिहा. विकत काही न आणता, फक्त उचलून, पुसून आणि हलवून खोली अर्ध्या तासात बदलते हे त्याच दिवशी दिसू द्या.

दुसरा वर्ग मापांचा, तिसरा सामान वेगळं करण्याचा. चौथा आणि पाचवा सफाई-डागडुजीचा, सहावा उजेड-रंगाचा, सातवा लाकडी सामानाच्या मांडणीचा. आठव्यात बिछाना, पडदे, स्वयंपाकघर, नवव्यात फोटो. दहाव्या दिवशी वर्गाबाहेरच्या दोन-तीन माणसांना गिऱ्हाईक म्हणून घर दाखवायचं. सफाईचे दोन वर्ग कमी करून सजावटीला द्यावेत असा आग्रह हमखास होतो. मानू नका. जाळी-जळमटांखाली लावलेला नवा पडदा जळमटंच उठून दाखवतो.

गटातली कामं दर वेळी बदला. नाहीतर त्याच दोघी पडदे लावतात आणि त्याच दोघी मोरी घासतात. वयस्क मंडळींना खाली बसून काम देऊ नका, टेबलाच्या उंचीचं काम द्या. तक्त्यावरची अक्षरं बोटभर उंच हवीत.

आमच्या वर्गातल्या काही जणींना टेपवरचे आकडे वाचता येत नाहीत. खोलीचं माप आणि नकाशा कसा शिकवावा? (लांजा)

ठिपक्यांच्या रांगोळीचा कागद घ्या. एक ठिपका ते दुसरा ठिपका म्हणजे एक फूट एवढं ठरवलं की निम्मं काम झालं, कारण ठिपके मोजून रेषा ओढणं त्यांना आपल्यापेक्षा चांगलं येतं. लांबी मोजायला सुतळी वापरा. फुटाफुटावर गाठ मारा, दर पाचव्या गाठीला रंगीत चिंधी बांधा. भिंतीला सुतळी लावायची, गाठी मोजायच्या, तेवढे ठिपके सोडून रेघ मारायची. दारं-खिडक्या दाखवायच्याच, आणि दार कुठल्या बाजूला उघडतं तेही. नवशिक्यांच्या नकाशात हेच राहतं, आणि कपाट बरोबर दारामागे येऊन बसतं.

मग वर्तमानपत्रं चिकटवून सामान खऱ्या मापाचं कापा. डबल बेड ५ फूट बाय साडेसहा, सिंगल ३ बाय सव्वासहा, तीन माणसांचा सोफा साधारण साडेसहा बाय पावणेतीन, लोखंडी कपाट ३ बाय दीड. हे कागद जमिनीवर पसरून सरकवायचे. खरं कपाट चार वेळा हलवण्यापेक्षा कंबर वाचते आणि फरशीवर ओरखडेही पडत नाहीत.

एक उदाहरण सगळ्यांकडून करून घ्या. १० बाय १० ची खोली, डबल बेड, आणि २ फूट खोल असलेलं लाकडी कपाट. बेड उशाकडून भिंतीला लावून मधोमध ठेवला तर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट उरतात आणि पायथ्याशी साडेतीन. कपाट पायथ्याशी लावलं की तिथे राहतो दीड फूट. कपाटाचं दारच दीड फुटाचं, ते उघडलं की बेडला टेकणार आणि माणूस आडवा होऊन जाणार. आता बेड एका बाजूच्या भिंतीला सरकवा. दुसऱ्या बाजूला पूर्ण पाच फूट मिळतात. कपाट तिथल्या भिंतीला लावलं तरी तीन फूट वाट मोकळी राहते. बेडला एकाच बाजूने चढायचं हा तोटा आहे खरा, पण गिऱ्हाईक खोलीत शिरताना कुठे अडलं नाही की खोली मोठी वाटते.

लक्षात ठेवायला थोडीच मापं द्या: चालायची वाट अडीच ते तीन फूट, सोफा आणि टीपॉयमध्ये दीड फूट, जेवणाच्या खुर्चीमागे अडीच फूट. भिंतीवरच्या चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर. आपल्याकडे फोटो छताजवळच्या खिळ्याला लावायची सवय आहे, त्यामुळे हे माप शिकवलं तरी दुसऱ्या दिवशी फोटो पुन्हा वर गेलेले असतात.

सरावाला घर कुणी देत नाही. काय करावं? (देवगड)

बंद घरांची कोकणात कमतरता नाही, अडचण विश्वासाची आहे. मुंबईकर मालकाला गणपतीआधी घर उघडून, झाडून, लावून ठेवायचंच असतं. त्याला सांगा की साफसफाई आणि मांडणी फुकट होईल, फक्त आठ दुपारी घर आमच्या ताब्यात द्या. गणपतीच्या तोंडावर मात्र वर्ग घेऊ नका. घर हिवाळ्यात घ्या आणि चाव्या वेळेत परत द्या.

एका पानाचा कागद करा आणि दोन्हीकडच्या सह्या घ्या. त्यात तारखा आणि चावी कुणाकडे ते लिहा. उघडायच्या आणि न उघडायच्या खोल्यांची नावं, आणि काही फुटलं तर भरपाई कशी, हेही. पहिल्या दिवशी काहीही हलवण्याआधी प्रत्येक खोलीचे चारही कोपऱ्यांतून फोटो काढा आणि ते मालकाला लगेच पाठवा. दागिने, कागदपत्रं, औषधं असलेलं कपाट मालकाने स्वतः कुलूपबंद करावं. मालक तिथे नसतील तर त्यांच्या नात्यातल्या कुणी.

टाकायचं काय हे वर्गाने कधीही ठरवायचं नाही. सामानाचे चार ढीग करायचे: इथेच ठेवायचं, दुसऱ्या खोलीत हलवायचं, बांधून माळ्यावर किंवा मांगरात ठेवायचं, आणि मालकाला विचारायचं. पाचवा "टाकून द्यायचं" ढीग करू नका. आपल्याला मोडकं वाटणारं जातं कुणाच्या आजीचं असतं. आणि सातबाऱ्यावर अकरा नावं असली तर कुठल्या एकाची परवानगी पुरत नाही. अशा घरावर वर्ग न घेतलेलाच बरा.

चिऱ्याचं जुनं घर आहे. दर पावसाळ्यानंतर भिंतीचा खालचा तीन फूट भाग फुगतो, ऑइल पेंट पापुद्र्यासारखा निघतो, कपाटामागे बुरशी येते. रंगाचा हात मारून घर दाखवावं असं वर्गातल्यांचं म्हणणं आहे. (गुहागर)

रंग शेवटी. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, आणि हा शोध वर्गाचा सगळ्यात उपयोगी पाठ होऊ शकतो.

जांभा, म्हणजे चिऱ्याचा दगड, सच्छिद्र असतो. जमिनीतलं पाणी तो शोषून वर चढवतो, आणि मोकळा असेल तर ते हवेत सोडूनही देतो. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वरून ऑइल पेंट चढवला की बाहेर पडायची वाट बुजते. पाणी आतून आणखी वर चढतं. त्याबरोबर आलेले क्षार रंगाखाली साचून स्फटिक होतात आणि गिलावा ढकलतात. बोटाच्या सांध्याने भिंतीवर टकटक केली की असा भाग पोकळ वाजतो. दर वर्षी वर नवा रंग दिला की फुगा दर वर्षी थोडा वर सरकतो.

ओल खालून येते, कौलांतून येते, की खोलीतल्या दमट हवेतून, हे ओळखायला फूटभर बाय फूटभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक-दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला धरले तर हवा कोंडलेली आहे, खिडक्या उघडा. वासे किंवा आढं काळं पडलं असेल तर कौल सरकलंय. ते काम मे महिन्यातल्या शाकारणीचं.

मग बाहेर घराला फेरी मारा. अंगणात वर्षानुवर्षं माती टाकून जोतं बुडालं आहे का? पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशीच पडतं का? न्हाणीचं पाणी कुठे जातं? जोत्याला टेकलेली माती काढणं आणि पागोळीचं पाणी चर खणून लांब नेणं, या दोन कामांनी जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही महागड्या वॉटरप्रूफ रंगाने पडत नाही. हे काम दिसत नाही, फोटोत येत नाही, म्हणून कुणी करत नाही.

बुरशी सुकी झाडू नका, तिचे कण खोलीभर उडतात. नाकाला फडकं, हातात मोजे, खिडक्या उघड्या. आधी ओल्या फडक्याने पुसा, मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने, आणि पुन्हा साध्या पाण्याने. ब्लीचिंग आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही एकत्र आणू नका, एकाच बालदीत तर नाहीच. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. सफाईच्या वर्गाच्या सुरुवातीला आणि शेवटी हे दोनदा सांगायचं.

सैल रंग आणि पोकळ गिलावा खरवडून भिंत सुकू द्या. पावसानंतर जाड चिऱ्याच्या भिंतीला महिने लागू शकतात, म्हणून आतला रंग डिसेंबरात. चिऱ्याला चुन्याचा हात सगळ्यात मानवतो, कारण तो भिंतीला श्वास घेऊ देतो. एक किलो चुन्याला साधारण पाच लिटर पाणी. कळीचा चुना पाण्यात सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तो उकळतो आणि उडतो, म्हणून डोळ्याला चष्मा हवा, लहान मुलं लांब हवीत आणि भांडं पातळ प्लास्टिकचं नको. दिवसभर ठेवून फडक्यातून गाळा, गरम पाण्यात विरघळलेला थोडा डिंक घाला, म्हणजे टेकलेल्या माणसाच्या पाठीला पांढरं लागणार नाही. चिमूटभर नीळ घातली की पिवळट झाक जाते. पातळ तीन हात द्या आणि दोन हातांमध्ये पूर्ण सुकू द्या. एकच जाड हात दिला की खपल्या निघतात. आणि जुना ऑइल पेंट पूर्ण खरवडल्याशिवाय चुना धरत नाही. त्यावर लावलात तर आठवड्यात गळेल.

बाहेरच्या उघड्या चिऱ्याला रंग देऊ नका. तारेच्या ब्रशनेही घासू नका, दगडाची कातडी निघते. मऊ ब्रश आणि पाणी पुरे. लाल चिरा, गडगा आणि पाखाडी बघायलाच बाहेरगावचं गिऱ्हाईक येतं. त्या चिऱ्यालाच गुलाबी डिस्टेंपर फासलेला पाहिला की वाईट वाटतं.

ओलीचा डाग कपाट सरकवून झाकला तर चालेल का? आमच्याकडे तर २०२१ च्या पुराच्या पाण्याची रेघही भिंतीवर आहे. (चिपळूण)

नाही. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, खरेदीदाराला साध्या काळजीने दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत असेल तर तो त्याने सांगायचा असतो. डाग कपाटाने झाकणं म्हणजे दोष दिसणार नाही अशी व्यवस्था करणं. त्यात तुमच्या वर्गाचा हात नको.

भिंत दुरुस्त करून रंगवायला हरकत नाही, लपवायला आहे. २२ जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर चिपळुणात सगळ्यांना माहीत आहे. खालच्या मजल्याचं घर बघायला आलेला माणूस पहिलाच प्रश्न तो विचारणार. पाणी किती फूट आलं होतं, त्यानंतर वायरिंग बदललं का, दारांच्या चौकटी बदलल्या का, मीटर किती उंचीवर नेला, हे एका कागदावर लिहून टेबलावर ठेवा. वर्गात एकाला गिऱ्हाईक आणि एकाला मालक करून हा संवाद बोलून घ्या. नेमकं उत्तर देणाऱ्याकडून गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं. गप्प बसणाऱ्याबद्दल त्याला आणखी दहा शंका येतात.

पुस्तकात लिहिलंय की घरातले देवाचे आणि माणसांचे फोटो काढून टाकावेत. आमच्या वर्गात यावरून वाद झाला. (मालवण)

ती पुस्तकं अमेरिकेतल्या बाजारासाठी लिहिलेली आहेत. तिथे हा धंदा १९७० च्या दशकात उभा राहिला, आणि घरात कुणाचीच खूण नको हा नियम तिथल्या गिऱ्हाइकाला धरून आहे. आपल्याकडे देवघर नसलेलं नांदतं घर उलट परकं वाटतं.

देवघराला वर्गाने हात लावायचा नाही. घरच्यांनीच ते साफ करावं: तेलकट काजळी, सुकलेला हार, अर्धवट जळलेल्या वाती, तीन वर्षांची कॅलेंडरं एवढं निघालं की पुरे. तुळस हिरवी असू द्या. वृंदावन ठेवून आत वाळलेल्या काड्या ठेवल्यात तर वृंदावन नसलेलंच बरं. हार घातलेले पूर्वजांचे फोटो दिवाणखान्याच्या चारही भिंतींवर विखुरलेले असतील तर मालकांच्या संमतीने आतल्या एका भिंतीवर एकत्र लावा. लग्नाचे, बारशाचे, शाळेच्या ढालींचे फोटो मात्र बांधून ठेवा. त्यात गिऱ्हाईक रमतं, खोली बघायची राहते आणि "हा कोण, कुठे असतो" यावर वेळ जातो. मुळात घर रिकामं असेल, कुणी राहत नसेल, तर देव आधीच हलवलेले असतात, तिथे प्रश्न येत नाही. नवीन मूर्ती आणून शोभेला ठेवू नका.

सोफा, गालिचा, शोभेच्या वस्तू भाड्याने देणारं इथे कुणी नाही. (राजापूर)

मंडपवाला आहे ना? त्याच्याकडे सोफा, गालिचे, साधे पांढरे पडदे, उभे दिवे असतात आणि लग्नसराई नसेल तेव्हा ते पडून असतात. फक्त लाल मखमलीचं सिंहासन घेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. उरलेलं घरातूनच निघतं: घडी घातलेली गोधडी, वेताची टोपली, तांब्याचा हंडा, पाट, झोपाळा. झोपाळ्याच्या कड्या तेल लावून कुरकुरणं बंद करा. सावंतवाडीची लाकडी फळं एका परातीत चार-पाच ठेवलीत तर शोभतात. मांडणीभर ठेवलीत तर दुकान वाटतं. एका मेजावर तीनापेक्षा जास्त वस्तू नकोत.

प्लास्टिकची फुलं तेवढी नकोत. बागेत जास्वंद, अनंत, काहीही असतंच.

उजेडाबद्दल थोडं सांगाल का? (वेंगुर्ले)

बाजारात सहज मिळणारा एलईडी दिवा ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप), निळसर पांढरा असतो. चिरा, लाकूड आणि चुन्याच्या भिंती त्यात राखाडी दिसतात. बसायच्या आणि झोपायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवा लावा. स्वयंपाकघरात ४००० चालतो, भाजी निवडायला बरा. आकडा खोक्यावर छापलेला असतो, तो वाचायला शिकवा. एका खोलीत दोन रंगांचे दिवे नकोत, फोटोत अर्धी भिंत निळी आणि अर्धी पिवळी येते.

जुन्या घरात माजघर अंधारं असतं. तिथे दिवा वाढवण्याआधी पडवीवर बांधलेले झाप आणि निळी ताडपत्री सोडा, काचेची दोन कौलं घासा. बरेचदा तेवढं पुरतं.

फोटो मोबाइलवर काढायचे तर वर्गात काय शिकवावं? आमचे फोटो वाकडे आणि काळे येतात. (हर्णै)

काळे येतात ते खिडकीमुळे. चौकटीत उजळ खिडकी आली की मोबाइल तिच्याप्रमाणे उजेड ठरवतो आणि खोली काळवंडते. खोलीतले दिवे लावा, खिडकीला पाठ किंवा खांदा करून उभे राहा, आणि मोबाइलच्या पडद्यावर खोलीच्या अंधाऱ्या भागावर बोट टेकवा. वाकडे येतात ते फोन वर-खाली कलल्यामुळे. फोन जमिनीपासून चार फुटांवर, अगदी उभा धरा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू करून दाराची उभी कड रेषेला जुळवा. स्वयंपाकघरात ओटा आडवा येतो म्हणून अर्धा फूट वर. भिंग आधी पुसा. मासे, तेल, पीठ लागलेला अंगठा तिथे हमखास फिरलेला असतो.

०.५ चं रुंद भिंग वापरू नका. दहा फुटांची खोली सतरा फुटांची दिसते, मग माणूस मुंबईहून सहा-सात तास प्रवास करून येतो आणि दारातच त्याचा चेहरा पडतो. फिल्टर नको. बाहेरचे फोटो श्रावणात काढून ठेवा, आतले डिसेंबरात. मात्र विहिरीला मे महिन्यात पाणी किती असतं हे गिऱ्हाईक विचारणारच, त्याचं उत्तर श्रावणातल्या फोटोत नाही.

वर्गासाठी एक युक्ती: काम सुरू होण्याआधी जमिनीवर पाच ठिकाणी चिकटपट्टीची फुली मारा. आधीचे आणि नंतरचे फोटो त्याच फुलीवरून, त्याच तासाला घ्या. नाहीतर बदल मांडणीचा की उन्हाचा ते कळत नाही. हे फोटो वर्गाबाहेरच्या माणसाला दाखवा आणि खोली केवढी वाटते, नजर कुठे जाते, मालकाला काय विचाराल, एवढंच विचारा. "छान आहे ना?" असं विचारलंत तर सगळे छानच म्हणतात.

बंद घराला वास येतो. अगरबत्ती, रूम फ्रेशनर मारून बघितलं. (श्रीवर्धन)

उग्र सुगंध आला की गिऱ्हाईक काय झाकलंय ते शोधू लागतं. डांबरगोळ्या, सुकट, बोंबील, जुनी गादी आणि वटवाघळांची आत यायची वाट, एवढ्या गोष्टी आधी शोधा. सुकी मासळी घर दाखवण्याच्या आठवडाभर आधीच शेजारी हलवा आणि ज्या डब्यात होती तो डबाही. फणस घरात पिकवू नका. गाद्या दोन उन्हं दाखवा, पडदे धुवा, सकाळी दहा ते चार समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा. शेणाने सारवायची जमीन असेल तर आदल्या दिवशी सारवा. त्याच सकाळी सारवली तर पहिल्या पाहुण्याचा बूट जमिनीत आणि दुसऱ्याचा मूड खलास.

वर्ग झाल्यावर बायकांना यातून काम मिळेल का? पैसे कसे घ्यावेत? (कणकवली)

फक्त विक्रीच्या घरांवर बसलात तर तालुक्यात पुरेसं काम निघणार नाही, हे वर्गाच्या पहिल्या दिवशीच सांगा. चाकरमान्यांची घरं गणपतीआधी आणि मे महिन्याआधी उघडून देणं, होम-स्टेच्या खोल्या लावून देणं, नवीन फ्लॅट भाड्याने देण्याआधी तयार करणं, असं सगळं मिळून काम होतं. होम-स्टेला एक फरक शिकवा: विकायचं घर रिकामं आणि मोठं दिसावं लागतं, पाहुण्याच्या खोलीत मात्र वापरायच्या वस्तू हाताशी लागतात. बॅग ठेवायला जागा, ओला टॉवेल वाळत घालायला दोरी, उशाशी दिवा आणि चार्जिंगचं बटण. समुद्रावरून आलेल्या माणसाला पाय धुवायला बाहेर नळ नसेल तर वाळू बिछान्यापर्यंत येते.

पैसे दिवसाच्या मजुरीवर घ्या, विकलेल्या किमतीवर टक्का लावू नका. घर कधी विकलं जाईल ते तुमच्या हातात नाही, आणि टक्का मागितला की ती दलाली होते. रेरा या घरबांधणी प्रकल्पांच्या कायद्याखाली नोंदलेल्या प्रकल्पातल्या फ्लॅटची दलाली करायला महारेराची, म्हणजे त्या कायद्याच्या राज्यातल्या प्राधिकरणाची, नोंदणी लागते. एक बेडरूमच्या फ्लॅटला चौघींचे दोन दिवस धरा: पहिला दिवस रिकामं करणं आणि सफाई, दुसरा मांडणी आणि फोटो. चिऱ्याच्या जुन्या घराला याच्या दुप्पट-तिप्पट लागतं आणि माळा उघडल्याशिवाय अंदाज देऊ नका. मजुरी, सामान आणि टेम्पोचं भाडं वेगवेगळं लिहा, निम्मे आधी घ्या. वायरिंग, नळ आणि कौलांचं काम यात नाही, हे कागदावर असू द्या. नाहीतर "आलाच आहात तर ते एक कौल बघा" असं होतं आणि शिडीवर चढलेली बाई पडली तर जबाबदार कोण हा प्रश्न उरतो.

शिकणाऱ्यांना प्रमाणपत्र द्यावं का? आणि सरकारी मदत? (अलिबाग)

वाचनालयाचं हजेरीचं प्रमाणपत्र द्या, त्यावर "तज्ज्ञ" वगैरे लिहू नका. त्यापेक्षा प्रत्येकीला तिच्या गटाने केलेल्या घराचे आधीचे आणि नंतरचे दहा फोटो, मालकाच्या परवानगीने, छापून द्या. काम देणारा प्रमाणपत्र बघत नाही, फोटो बघतो.

सरकारी बाजूला, केंद्र सरकारच्या मदतीने हातची कामं शिकवणाऱ्या जन शिक्षण संस्थानाचा मुख्य भर १५ ते ४५ वयातल्या निरक्षर, नवसाक्षर आणि मध्येच शाळा सुटलेल्या लोकांवर आहे. त्यांच्या यादीत हा विषय या नावाने शोधू नका. घरकाम, शिवण, आदरातिथ्य अशा जवळच्या अभ्यासक्रमाला हे पाच आठवडे जोडता येतील का, ते जिल्ह्याच्या कार्यालयात विचारा. बचत गट असेल तर उमेद या बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानाच्या तालुका कार्यालयातही. अर्जासोबत वर्गाचं वेळापत्रक, सामानाची यादी आणि सरावाच्या घराच्या मालकाचं संमतीपत्र जोडा.